सुपडू मास्तर आणि डोकरी

सुरतेत आम्ही नऊ वर्षं काढली. आता इकडे सांगलीत कुणी सुरतेचा विषय काढला की लोकांना तिथली घारी मिठाई आठवते, गरम लोचो आठवतो, साड्यांची दुकानं आठवतात. मला सुपडू मास्तर आठवतात. माझ्या ओळखीत मोठी माणसं नाहीत असं नाही. एक मावसभाऊ न्यायाधीश आहे, एक भाचा अमेरिकेत आहे आणि तो तिथे काय करतो ते आम्हाला कुणालाच कळत नाही, इतका मोठा आहे. पण ‘या माणसाला मी ओळखत होते’ असं मान ताठ करून सांगावं, असा माणूस मला सुरतेच्या बमरोलीतल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात भेटला.

भेटला म्हणजे आधी त्याचे पायच भेटले. मी तिथल्या एका मराठी शाळेत शिकवत होते. वर्गातली बहुतेक मुलं धुळे-जळगावकडच्या घरांतली. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि माझ्यासमोर भीतभीत पुस्तकी मराठी. शहाण्णव सालच्या संमेलनात एक नाच बसवायचा होता आणि नाचाच्या बाबतीत माझा उजेड पडणं शक्य नव्हतं. आमची एक जुनी विद्यार्थिनी होती, सिंधू. दहावीनंतर बॉबिन भरायच्या कामाला लागली होती. ती म्हणाली, “बाई, आमच्या खात्यात सुपडू मास्तर आहेत ना! बंबईला स्टेजवर नाचायचे ते.” सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात आणि लूम दुरुस्त करणाऱ्याला मास्तर. सिंधूच्या मागोमाग मी खात्यात शिरले आणि पहिल्या मिनिटाला कानांवर हात ठेवले. एक लूम बंद होता, बाकीचे अकरा चालू. बंद लूमखालून दोन पाय बाहेर आलेले, वरचा माणूस सगळा आत. उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या लूमच्या ठोक्याला बरोब्बर वर-खाली होत होता. मी दोनदा हाक मारली, पण त्या गदारोळात माझी मलाही ऐकू आली नाही. शेवटी सिंधूने तो अंगठा धरून ओढला आणि मास्तर बाहेर आले.

बुटका, काळासावळा, पन्नाशीला टेकलेला माणूस. बनियनवर तेलाचे डाग, कानावर पेन्सिल. मी नाचाचं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी हात पुसले, मग माझ्या पायांकडे बघितलं. मला वाटलं चपलेला काही लागलंय. नंतर कळलं, ते प्रत्येकाकडे आधी तसंच बघायचे. माणसाचा स्वभाव त्याच्या उभं राहण्यात दिसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. नानासाहेबांसारखा बडा माणूसही त्यातून सुटला नव्हता. नानासाहेब म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, बँकेतले निवृत्त अधिकारी. त्यांच्याबद्दल मास्तर मला हळूच म्हणाले होते, “साहेब टाचेवर उभा ऱ्हास. पडाले भेस.” साहेब टाचेवर उभा राहतो, पडायला भितो. त्यानंतर नानासाहेब भाषणाला उभे राहिले की मी त्यांच्या टाचा बघत बसायची आणि भाषण कसं संपलं ते कळायचं नाही.

मास्तर स्वतः चालायचे ते आधी चवडा टेकून. बमरोलीच्या त्या रस्त्यावर, एका बाजूला गटार आणि दुसऱ्या बाजूला कापडाच्या गाठींचे टेम्पो, तिथे हा माणूस असा चालायचा की खाली गालिचा अंथरलाय. कुठेही बसण्याआधी ते बोटाच्या पेरांनी जमीन ठोकून बघायचे, माझ्या घरी आले तेव्हा फरशीसुद्धा. आणि रांग कुठलीही असो, रेशनची, नळाची, देवळाच्या प्रसादाची, मास्तर शेवटी. मागून कुणी आलं की त्याला पुढे घालून पुन्हा शेवटी. एकदा रॉकेलच्या रांगेत हे बघून माझा अगदी तिळपापड झाला. म्हटलं, “मास्तर, अशाने तुमचा नंबर कधी लागायचा?” तर म्हणाले, “बाई, माले मांगेच बरं वाटस. मांगून समदं दिसस.”

हे मागे राहणं कुठून आलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या बायकोने, कलाबाईंनी सांगितलं. मुंबईत मास्तर गिरणीत होते आणि संध्याकाळी एका बॅले मंडळीत. सोळा वर्षं मागच्या रांगेत. कधी झाड, कधी लाट, कधी राजाचा चौथा शिपाई. पण मागे उभं राहून त्यांनी पुढच्यांचं सगळं पायात उतरवून घेतलं होतं. एका प्रयोगाच्या दिवशी राजा झालेल्या नर्तकाला सणकून ताप भरला. मास्तर म्हणाले, मला येतं सगळं. कुणी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, म्हणून हे आपले मुकुट बांधून पडद्याआड उभे राहिले. थोड्या वेळाने बाहेर घोषणा झाली की कलाकाराच्या आजारपणामुळे प्रयोग रद्द. “घर उनात,” कलाबाई म्हणाल्या, “जेवनात. मुकुट पेटीमां ठी दिन्हा, एवढंच.” घरी आले, जेवले, मुकुट पेटीत ठेवून दिला. पुढे गिरणीचा संप झाला, गिरणी सुटली, मुंबई सुटली आणि मास्तर सुरतेला आले. नाच सुटला, असं मात्र कलाबाई म्हणाल्या नाहीत.

शाळेतला नाच उत्तम झाला, पण ही काही त्याची गोष्ट नाही. त्या नाचानंतर मास्तरांच्या मागे पोरींची रांग लागली. सिंधू धरून आठजणी. कुणी बॉबिन भरणारी, कुणी साड्यांना टिकल्या लावणारी, कुणी घरी भावंडं सांभाळणारी. खात्याच्या एका कोपऱ्यात लोखंडी खांबांवर लाकडी फळ्या टाकून माळा केलेला होता, रिकामी बॉबिनं ठेवायला. शेठला विचारून मास्तरांनी तो माळा रोज संध्याकाळी पाच ते सात मागून घेतला. त्या माळ्याखाली जो लूम होता, त्याचं नाव डोकरी.

डोकरी म्हणजे म्हातारी. खात्यातला सगळ्यात जुना लूम. बाकीचे अकरा लूम दूर पलीकडच्या भिंतीला एकत्र गुरगुरायचे, त्यात वेगळा ठोका कळायचा नाही. डोकरीचा ठोका मात्र स्वच्छ. तिच्या एका पायाचा बोल्ट सैल झाला होता, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला तो पाय माळ्याच्या खांबावर आपटायचा आणि वरच्या फळ्या थरथरायच्या. मी पहिल्यांदा वर चढले तेव्हा ती थरथर तळव्यांतून गुडघ्यापर्यंत आली आणि मी खांब धरून बसले. पोरी हसल्या. त्यांना सवय होती.

आता संगीताचं सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे. नानपुऱ्यात एक पारशी बाई राहायच्या, खोरशेदबाई. एकेकाळच्या पियानो शिक्षिका. त्यांचा रेकॉर्ड वाजवायचा जुना फोनो बंद पडला होता आणि कुणीतरी मास्तरांचं नाव सुचवलं. मास्तरांनी तो उघडला, साफ केला, पट्टा बदलला आणि चालतो का बघायला हाताशी असलेली एक रेकॉर्ड लावली. मग तासभर जमिनीवर मांडी घालून ऐकत बसले. खोरशेदबाईंनी सांगितलं, “आ बरोक कहेवाय, दीकरा. त्रणसो वरसनुं जूनुं.” युरोपातल्या राजवाड्यांतून, चर्चमधून वाजणारं संगीत. मास्तरांनी पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा खोरशेदबाईंनी सरळ कॅसेट भरून दिली.

ती कॅसेट त्यांनी मला माळ्यावर ऐकवली. खालच्या पट्टीतलं एक मोठं व्हायोलिन एकच लहानशी ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होतं, न थकता, न बदलता. तिच्यावरून दुसरी वाद्यं धावत होती, एकमेकांना ओलांडत, पुन्हा जागेवर येत. मध्येच तारा छेडल्यासारखी एक पेटी किणकिणत होती. मी नाट्यसंगीतावर वाढलेली बाई. प्रामाणिकपणे सांगितलं, “मास्तर, मला यात काही कळत नाही.”

“कानले नका इचारू बाई,” ते म्हणाले, “पायले इचारा.” हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. मग त्यांनी बोट वर केलं. “हाई खालनं वाजस ना, हाऊ ताना. उभा धागा, जागावर. आन वरतून पळस तो वाना. आडवा धागा. कपडा इनी ऱ्हायनात हाई लोक.” कापड विणताहेत ही माणसं. मी पुन्हा ऐकलं आणि खरंच, मला कापड दिसायला लागलं. तीनशे वर्षांपूर्वीचे ते विलायती संगीतकार एकदम बमरोलीच्या खात्यात कामाला लागले.

आणि खालून डोकरी त्यांना ठेका देत होती. हा योगायोग नव्हता. मास्तरांनी तिच्या मोटरची पुली बदलून तिची चाल कॅसेटच्या चालीला जुळवून घेतली होती. शेठला पत्ता नव्हता. तो एकदा मला म्हणाला, “मास्तर बहु सारो माणस छे, पण आ डोकरी हमणां धीमी थई गई छे.” मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, वय झालं तिचं.

नाच कसा होता ते सांगणं अवघड आहे. त्यात राजा नव्हता, राणी नव्हती, कृष्ण नव्हता. पोरी एका ओळीत उभ्या राहायच्या, ओळीतून ओळ निघायची, हात धागा ओवायचे, कंबर वाकून तुटलेलं टोक शोधायची, गाठ मारायची, आठजणींची नजर एकदम डावीकडून उजवीकडे जायची. रोज दहा तास जे करतात तेच, पण असं की बघताना मी घड्याळ बघायला विसरायची. मास्तर ओरडायचे नाहीत. चुकलेल्या पोरीच्या पायाशी बसून फळीवर टिचकी मारायचे, की ती ओळखायची. शेवटच्या दोन मिनिटांत सगळ्या पोरी बाजूला सरायच्या आणि मास्तर स्वतः मागून, मधून चालत पुढे यायचे. एकटे. पन्नाशीचा तो माणूस ओळीच्या पुढे येऊन दोन्ही हात उघडायचा तेव्हा उंच दिसायचा. तेवढी दोन मिनिटं त्यांनी स्वतःसाठी ठेवली होती. कलाबाई मला म्हणाल्या, “सोळा वरीस वाट दखी त्यास्नी.”

तालमीचा एक नियम होता. डोकरीचा धागा तुटला आणि ती थांबली की पोरींनीही थांबायचं. “डोकरी बठनी, बठा तुम्ही बी,” मास्तर म्हणायचे. पोरी घाम पुसायच्या, पाणी प्यायच्या. खाली कुणीतरी गाठ मारायचं, डोकरी पुन्हा सुरू व्हायची आणि पोरींचे पाय आपोआप उचलायचे. आठवड्यातून एक दिवस विजेची सुट्टी असायची, तेव्हा सगळं खातंच बंद, म्हणून तालीमही बंद. मला हा नियम फार आवडायचा. मी शाळेत सगळ्यांना कौतुकाने सांगितला होता.

मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात हा नाच ठेवावा असं मंडळाची सेक्रेटरी म्हणून मीच सुचवलं आणि बैठकीत जी नाकं मुरडली गेली ती मोजायला हाताची बोटं पुरली नसती. आमच्या मंडळात बँकवाले, सरकारी नोकर, शिक्षक. खानदेशातले कामगार वर्गणीला चालायचे, गणपतीच्या मांडवाला बांबू धरायला चालायचे, स्टेजवर कुणी बोलावलं नव्हतं. नानासाहेबांनी मास्तरांना समोर बसवून विचारलं, “कथा काय आहे यात?”

“कथा नही साहेब. हातपाय शेत.” हातपाय आहेत.

“आणि संगीत इंग्रजी?”

“इंग्रजी नही. बरोक.”

नानासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “बसा तर एकदा बघायला. नाही आवडलं तर पुढच्या वर्षी मी सेक्रेटरी नाही.” हे मी रागाच्या भरात बोलून गेले, पण त्याने काम झालं. मी सेक्रेटरी नसणं ही मंडळाला मोठी आशा असावी. दहा मिनिटं मिळाली, नाटकाच्या आधी.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आम्ही पहिल्यांदा हॉलवर तालमीला गेलो. पोरींचे कपडे मास्तरांनी खात्यातल्या कोऱ्या, न रंगवलेल्या कापडाचेच शिवून घेतले होते आणि त्या त्यात अशा दिसत होत्या की झाडणारी बाईसुद्धा झाडू थांबवून बघत राहिली. कॅसेट सुरू झाली. हॉलचे कर्णे चांगले होते, प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येत होतं. पोरींनी पहिली ओळ केली, दुसरी केली आणि थांबल्या. एकदम, आठही. संगीत चालू आणि पोरी उभ्या.

मास्तरांनी पुन्हा सुरू करायला सांगितलं. पुन्हा तेच. या वेळी ओळच फिसकटली, दोघी एकमेकींवर आदळल्या. तिसऱ्यांदा एक पोरगी रडायलाच लागली. नानासाहेब खाली खुर्चीत होते, ते उठून उभे राहिले, टाचांवर. सिंधूने पाय दोनदा स्टेजवर आपटून बघितला आणि ती घाबरून म्हणाली, “मास्तर, आठनी जमीन बोलस नही!” इथली जमीन बोलत नाही.

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. ते हळूच खाली बसले. मला कळायला अजून एक मिनिट लागलं. चार महिने पोरी संगीतावर नाचतच नव्हत्या. कान संगीत ऐकत होते, पाय डोकरीचं ऐकत होते. डोकरी थांबली की थांबायचं, हे आपणच त्यांच्या पायांना शिकवलं होतं. आणि ही जमीन तर मुळातच थांबलेली होती. ज्या नियमाचं मी कौतुक करत फिरत होते तोच आता आडवा आला होता.

“मना चुकना,” मास्तर म्हणाले. “पोरीसना नही. मना.” माझं चुकलं, पोरींचं नाही.

नानासाहेब मला बाजूला घेऊन समजुतीच्या सुरात म्हणाले, “वहिनी, काढून टाकू या. पोरींचं हसं व्हायला नको. दोन नाट्यगीतं घालू.” आणि त्यांचं चुकत नव्हतं, हेच जास्त झोंबत होतं. मी त्यांच्याकडे दुपारी चारपर्यंत वेळ मागितला. का मागितला ते मला माहीत नव्हतं, माझ्याकडे एकही कल्पना नव्हती.

परत आले तर मास्तर स्टेजवर गुडघ्यांवर होते आणि पेरांनी फळ्या ठोकत होते. इथे, तिथे, मध्ये. मग कान लावला. स्टेज लाकडी होतं, खाली पोकळ. बाजूला कमरेएवढं दार होतं, मोडक्या खुर्च्या ठेवायचं. मास्तर दार उघडून वाकून आत गेले. दोन मिनिटांनी खालून आवाज आला, “पोरी, उभ्या ऱ्हा!” आणि मग ठक्. ठक्. ठक्. त्यांच्या पिशवीत लूमच्या कामाची लाकडी मोगरी होती, तिला त्यांनी फडकं गुंडाळलं होतं. माझ्या तळव्यांतून ती ओळखीची थरथर गुडघ्यापर्यंत आली. मी पोरींकडे बघितलं. आठजणींचे पाय जागे झाले होते.

कॅसेट लावली. पहिली ओळ, दुसरी, गाठ, नजर, सगळं जसंच्या तसं. माझा जीव भांड्यात पडला. शेवटची दोन मिनिटं आली, पोरी बाजूला सरल्या, मध्ये वाट झाली आणि त्या वाटेने कुणीच आलं नाही. तेव्हा आम्हाला सगळ्यांनाच एकदम उमगलं.

मास्तर कोळिष्टकं झटकत बाहेर आले तेव्हा कलाबाई त्यांच्या इस्त्री केलेल्या पांढऱ्या कपड्यांची पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. मी म्हटलं, “मास्तर, मी ठोकते. सांगा कसं ते.” आणि खरंच आत जाऊन ठोकलं. सिंधू वरून म्हणाली, “बाई, तुम्ही राहू द्या.” तिने ते शक्य तितक्या आदराने म्हटलं. डोकरीची चाल आणि कॅसेटची चाल कुठे मिळते, कुठे ठोका दाबायचा, कुठे सोडायचा, हे एका माणसालाच येत होतं.

“कोनले तरी खाले बसनं पडी,” मास्तर म्हणाले. मग सिंधूकडे वळले. “आन तू पुढे यायनं. मना जागावर.”

सिंधू मागे सरकली. “मला नाही येत, मास्तर.”

“येस तुले. चार महिना मना मांगे उभी शे. मांगून समदं दिसस.”

ती तरी मान हलवत होती. मास्तर तिच्या जवळ गेले आणि इतक्या हळू बोलले की मला जेमतेम ऐकू आलं. “माले कोनी पुढे जाऊ दिन्हं नही, पोरी. तू जाय.”

कलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पिशवी मात्र त्यांनी सोडली नाही.

संध्याकाळी हॉल भरला. पुढच्या रांगेत नानासाहेब आणि मंडळी, माझ्या आग्रहाखातर खोरशेदबाई, आणि मागे, वर्षानुवर्षं वर्गणीपुरतीच आलेली बमरोलीची सगळी गल्ली. मी माईकवर नाव सांगितलं, काय सांगितलं ते आठवत नाही. विंगेत जाऊन उभी राहिले आणि पडदा उघडला.

मी नाचातली जाणकार नाही. पण त्या दहा मिनिटांत कुणी खोकलं नाही, एवढं मी शपथेवर सांगेन. कोऱ्या कापडातल्या आठ पोरी, तीनशे वर्षांपूर्वीचं कुठल्याशा थंड देशातलं संगीत, आणि खालून एक ठोका, जो कानाला जेमतेम ऐकू यायचा आणि खुर्चीतल्या माणसाच्या पायाला कळायचा. शेवटी पोरी बाजूला सरल्या. मागून सिंधू निघाली. चवडा आधी टेकत, मास्तर रस्त्याने चालायचे अगदी तशी. पुढे आली, एकटी, आणि तिने दोन्ही हात उघडले. बॉबिन भरणारी एकोणीस वर्षांची पोरगी आणि समोर सगळी सुरत. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती.

टाळ्या थांबेनात. नानासाहेब स्वतः स्टेजवर आले, शाल हातात घेऊन, आणि माईकवर म्हणाले, “या नृत्याचे दिग्दर्शक श्री. सुपडू बाविस्कर यांनी कृपया रंगमंचावर यावं.” कुणी आलं नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं. मी विंगेतून धावत त्या छोट्या दाराकडे गेले, तर हॉलच्या शिपायाने उघडं राहिलेलं दार बघून बाहेरून कडी लावून टाकलेली. कडी गच्च बसली होती, माझ्याने निघेना. वर नानासाहेब तिसऱ्यांदा म्हणाले, “सुपडू मास्तर कुठे आहेत?”

आणि स्टेजखालून उत्तर आलं. ठक्. ठक्.

आठही पोरी खाली वाकल्या आणि त्यांनी दोन्ही तळवे फळ्यांवर टेकले. हॉलमध्ये आधी हसू फुटलं, मग कुजबुज झाली आणि मग मागच्या रांगा उभ्या राहिल्या. आधी मागच्या, नंतर पुढच्या. खोरशेदबाई शेजारच्या माणसाला विचारत होत्या, “मारी केसेटमां तो ढोल नहोतो! कोण वगाडतुं हतुं?” नानासाहेब शाल हातात घेऊन पायाखाली बघत उभे होते. त्या क्षणी ते टाचांवर नव्हते, हे मी खात्रीने सांगते.

कडी निघेपर्यंत नाटकाची तिसरी घंटा झाली होती. शाल राहिली ती राहिलीच.

पुढच्याच महिन्यात यजमानांची बदली झाली. निघायच्या आधी ती शाल द्यायला म्हणून मी खात्यात गेले. विजेची सुट्टी होती. बाराही लूम गप्प, मी ते खातं असं कधी ऐकलं नव्हतं. आपल्याच चपलांचा आवाज येत होता. डोकरीखालून दोन पाय बाहेर आले होते. या वेळी मी स्वतःच अंगठा धरून ओढला.

मास्तर पाना हातात घेऊनच बाहेर आले. तो सैल बोल्ट ते आवळत होते. मी म्हटलं, “अहो, आता हा आवळला तर फळ्या हलणार नाहीत!”

“आते नको हालाले,” ते म्हणाले. शाल त्यांनी दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली आणि तेल लागू नये म्हणून लांब खिडकीत ठेवली. मग पुन्हा डोकरीखाली शिरले.

तेवढ्यात सुट्टी असूनही पोरी आल्या, माळ्यावर चढल्या आणि वर कॅसेट सुरू झाली, सेलवर. ते मोठं व्हायोलिन, ती एकच ओळ. डोकरी गप्प होती. बोल्ट आवळला जात होता. आणि वर फळ्यांवर पावलं पडायला लागली. एक ओळ झाली, दुसरी झाली. मी श्वास धरून वाट बघत होते. डोकरी बसलेलीच होती आणि वरची पावलं थांबली नाहीत.

पान्याचा आवाज बंद झाला. मी खाली बघितलं. लूमखालून बाहेर आलेल्या त्या उजव्या पायाचा अंगठा वर-खाली होत होता, पोरींच्या पावलांबरोबर.